बेल्जियमची काच आणि तळेगावचा पैसा

आमच्या घराण्यात काचेची कुठलीही चांगली वस्तू बेल्जियमचीच असते. दिवाणखान्यातला आरसा बेल्जियमचा, पुस्तकांच्या कपाटाची काच बेल्जियमची. आमचे एक मामा तर लोणच्याच्या बरणीलाही बेल्जियमची म्हणतात. (ती चिनीमातीची आहे, पण मामांशी वाद कोण घालणार!) बेल्जियम हा आमच्याकडे देश नाहीच, ते एक विशेषण आहे. अर्थ : महाग, जुनं, आणि आता तसं मिळत नाही.

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याच्या माजघरात एक दिवा होता. छतातून खाली आलेली पितळी दांडी, तिच्या टोकाला बेकेलाइटचा काळा होल्डर, आणि त्याभोवती हिरव्या काचेची, उपड्या वाडग्यासारखी शेड. बाहेरून हिरवी आणि आतून दुधासारखी पांढरी. अर्थातच बेल्जियमची. वाडा उतरवायचं ठरलं तेव्हा वाटण्या झाल्या आणि हा दिवा माझ्या वाट्याला आला. सामान गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आलं तेव्हा दांडी होती, होल्डर होता, शेडचे मात्र पाच तुकडे होते.

एरवी मी ते तुकडे गुंडाळून ठेवले असते आणि विषय संपला असता. पण वाड्याबरोबर आत्याही आमच्याकडे राहायला आली. वय ८६, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, वाचनाचं वेड मात्र तसंच. तिला तिच्या खोलीत तोच दिवा हवा होता. मी तो लावून दिला, शेडशिवाय. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, नुसता बल्ब डोळ्यांत घुसतो. याला काहीतरी काच घाल बाबा."

तर अशी सुरुवात झाली. एक काच बदलायची, एवढंच काम होतं. ते करता करता मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊन पोचलो, त्याची ही हकिगत.

पहिल्यांदा गेलो मेनरोडला, मग बोहोरपट्टीत. एका दुकानात ॲक्रिलिकची शेड दाखवली, दुसऱ्याने सांगितलं की साहेब, आता सगळं एलईडी पॅनेल, शेड कोण लावतं? तिसरे एक म्हातारे दुकानदार होते. त्यांनी माझ्या हातातलं पितळी कडं घेतलं. शेडची मान ज्यात बसते आणि तीन बाजूंनी तीन छोटे स्क्रू जिला धरून ठेवतात, ते कडं. त्यांनी ते पट्टीने मोजलं आणि म्हणाले, "काचेचं सोडा, आधी हे माप लिहून घ्या. सव्वातीन इंच. याच्यात बसेल ती काच तुमची."

हे वाक्य मला फार आवडलं. घरी येऊन शोधाशोध केल्यावर त्याचा अर्थ आणखी कळला. विलायती पद्धतीच्या शेडची मान सव्वातीन इंचांची, अमेरिकन घाटाच्या शेडची सव्वादोन. म्हणजे काच फुटणार हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं होतं. कडं राहील, काच जाईल, आणि दुसरी काच याच कड्यात बसली पाहिजे, या हिशोबानेच मापं ठरली होती. दिव्याची काच ही काही जन्मभर टिकण्यासाठी केलेली वस्तू नव्हे. ती वर्षाकाठी विकत आणायची वस्तू होती, झाडूसारखी किंवा पणतीसारखी.

पण झाडू गावात बनतो आणि पणती कुंभार करतो. काच कोण करत होतं? हा प्रश्न मला छळू लागला, आणि इथून खरा इतिहास सुरू होतो.

काच आपल्याला नवी नव्हती. नाशकातच, गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, त्यात प्राचीन वस्तीच्या थरांत काचेचे मणी सापडले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशिककरणी काचेचे मणी गळ्यात घालत होत्या. पुढे बांगड्या आल्या. त्या करणारे काचारी महाराष्ट्रात होतेच. पण मणी आणि बांगडी वेगळी, दिव्याची काच वेगळी. बांगडी जाड असते, रंगीत असते, तिच्यात बुडबुडे राहिले तरी चालतात. दिव्याची काच पातळ हवी, स्वच्छ हवी, सगळीकडून सारख्या जाडीची हवी, आणि मुख्य म्हणजे तिला आच सोसली पाहिजे. त्यासाठी ती फुंकून झाल्यावर वेगळ्या भट्टीत हळूहळू, तासन् तास निववावी लागते. घाईने गार केली तर वरून छान दिसते, पण आतून ताणलेली राहते, आणि पहिल्याच संध्याकाळी तडकते.

पूर्वी ही अडचण सामान्य माणसाची नव्हतीच. घरात समई असायची, देवळीत पणती असायची. हंड्या-झुंबरं ही सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यातली चीज. सगळं बदललं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, खनिज तेलाने. 'रॉक ऑइल'चं आपण रॉकेल केलं आणि 'गॅस लाइट'चं घासलेट. गंमत म्हणजे दोन्ही शब्द आज मराठी म्हणूनच नांदतात! गोडेतेलापेक्षा स्वस्त आणि उजेड जास्त, म्हणून रॉकेल खेडोपाडी गेलं. पण त्याची नुसती वात धूर ओकते. पत्र्याच्या चिमणीने घराच्या भिंती काळ्या केल्या त्या यामुळेच. ज्योतीभोवती काचेची नळी असली की खालून हवा नीट ओढली जाते, ज्योत स्थिर होते, पिवळ्याची पांढरी होते. म्हणून रॉकेलबरोबर काच आलीच. तिला आपल्याकडे वेगळं नावही नाही बघा, 'कंदिलाची काच' म्हटलं की झालं.

आणि ही काच सगळी बाहेरून यायची. बेल्जियममधूनही येत असेल, पण महायुद्धापूर्वी हिंदुस्थानच्या काचबाजारात मोठा वाटा होता ऑस्ट्रिया-हंगेरीचा, म्हणजे मुख्यतः बोहेमियाचा, आणि त्याच्या जोडीला जर्मनीचा. जर्मनीत येना इथे ऑटो शॉटने १८८४ साली काचेची प्रयोगशाळा काढली होती. काचेत बोरॉन मिसळून आच आणि गारवा दोन्ही सोसणारी काच त्याने तयार केली, आणि तिच्यापासून गॅसबत्तीच्या नळ्या लाखोंनी विकल्या. आज स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये ठेवायची जी काचेची भांडी असतात, त्यांचं मूळ या शोधात आहे. (तेव्हा मंडळी, आमच्या शेडच्या तुकड्याच्या कडेला हिरवा आणि पांढरा असे दोन थर स्वच्छ दिसत असले, तरी त्यावरून तिचा देश कळत नाही. कुठलाही छाप नाही. बेल्जियम पक्षाने विजय साजरा करू नये, आणि विरोधी पक्षानेही!)

आता १९०५ सालात या. वंगभंग झाला, स्वदेशीची लाट आली. ७ ऑक्टोबर १९०५ला पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. आमचं नाशिकही तेव्हा तापलेलं होतं. मित्रमेळ्याचं १९०४ साली अभिनव भारत झालं ते नाशकातच, आणि तिळभांडेश्वराच्या गल्लीत त्या सगळ्यांची उठबस असे. मी त्या गल्लीतून हजारदा गेलो असेन. पण या काचेच्या नादाला लागल्यापासून मला एकच गोष्ट दिसते : रात्री तिथे ज्या कंदिलाच्या उजेडात स्वदेशीची चर्चा होत असेल, त्या कंदिलाची काच बहुधा विदेशी असणार. ढोंग म्हणून नव्हे. दुसरी मिळतच नव्हती म्हणून.

विदेशी कापड जाळता येत होतं, कारण मागे आपला हातमाग उभा होता, मुंबईच्या गिरण्या होत्या. होळी करून घरी गेल्यावर अंगावर घालायला दुसरं काहीतरी होतं. विदेशी काच फोडली असती तर काय? त्या रात्री अंधार. १८९०नंतर हिंदुस्थानात काचेचे काही कारखाने निघाले होते खरे, पण त्यातले बहुतेक बुडाले. परदेशी कारागीर परवडेनात, भट्टीच्या विटाही बाहेरून आणाव्या लागत, आणि आपल्याकडे हे काम येणारी माणसंच नव्हती. काच ही घोषणेने होणारी वस्तू नव्हती. ती शिकायलाच हवी होती.

ते शिकण्याचं काम महाराष्ट्रात ज्याने मनावर घेतलं, त्याची गोष्ट आपल्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते. अंताजी दामोदर काळे. त्यांची कल्पना शाळकरी मुलालाही कळेल इतकी साधी होती : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा, आणि त्यातून देशी उद्योग उभारायचे. पैसा म्हणजे तेव्हाचा पैसा, रुपयात चौसष्ट. मी कागदावर हिशोब करून पाहिला. एक लाख माणसांनी पैसा दिला तर जमतात १५६२ रुपये आठ आणे. लाख माणसांच्या दारात जायचं, आणि हाती येणार दीड हजार! कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की एखाद्या शेटजीला गाठा. काळ्यांनी दारं गाठली. जत्रांत, सभांत, गावोगाव पैसा-पैसा मागितला. लोकमान्य टिळकांनी त्यांच्या पाठीशी वजन उभं केलं, आणि या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्यात काचेचा कारखाना सुरू झाला.

त्या सालाकडे जरा बघा. याच १९०८च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. याच तळेगावात विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं, राष्ट्रीय शिक्षणाचं. ते सरकारने १९१०मध्ये बंद पाडलं. आमच्या नाशकात २१ डिसेंबर १९०९च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर धरपकड झाली, घरांची झडती झाली, अख्खं शहर दबलं. या सगळ्या धामधुमीत तळेगावात काही पोरं भट्टीसमोर उभी राहून लोखंडी नळीने काच फुंकायला शिकत होती. त्यांच्यावर कुणी पोवाडे रचल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

त्यांना शिकवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. हे आपल्याकडचे नव्हेत, उत्तर हिंदुस्थानातले. आधी जपानला जाऊन काच शिकले, मग अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटीत. जगातली उत्तम तंत्रशाळा पाहून आलेला माणूस तळेगावच्या पैसाफंडात आला, ही गोष्ट मला एखाद्या कादंबरीतल्यासारखी वाटते. या कारखान्याचं वैशिष्ट्य असं की तो नफ्यापेक्षा शाळेसारखा चालला. मुलं यायची, शिकायची आणि निघून जायची. एरवी कारखानदार कारागीर सोडून गेला की कपाळाला हात लावतो. इथे तो जाणं हेच काम होतं. तळेगावात शिकलेले लोक पुढे देशातल्या ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेयही नंतर उत्तरेत परतले, आणि बहजोईच्या मोठ्या काच कारखान्याशी त्यांचं नाव जोडलं गेलं.

मग १९१४ साल उजाडलं, महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया आणि जर्मनी दोघेही शत्रूपक्षात, त्यामुळे त्यांचा माल एका फटक्यात बंद. तिळभांडेश्वराच्या गल्लीतल्या सगळ्या शपथांनी जे झालं नसतं ते युरोपातल्या तोफांनी केलं. बाजार रिकामा झाला, आणि त्यात सगळ्यात आधी घुसला जपान. पण थोडी जागा आपल्यालाही मिळाली. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्या जागेचं नावच पुढे ओगलेवाडी पडलं. कराडला रेल्वेने गेलात तर उतरता ते ठिकाण ओगलेवाडीचंच. तिथे आधी काचा झाल्या आणि पुढे अख्खा कंदीलच झाला, तो 'प्रभाकर'. महाराष्ट्रात जुन्या लोकांना नुसतं 'प्रभाकर' म्हटलं तरी कंदील आठवतो. न्यूयॉर्कच्या डिट्झ कंदिलाच्या शेजारी खेड्यातल्या दुकानात आपला कंदील टांगला गेला, आणि त्याची काच फुटली की दुसरी काच तीनशे मैलांच्या आत तयार होत होती.

इथे थांबून सांगायचा मुद्दा असा. स्वदेशी म्हटलं की आपल्याला होळी आठवते, चरखा आठवतो, भाषणं आठवतात. पण एखादी वस्तू खरोखर आपली झाली की नाही हे ती विकत घेताना कळत नाही, ती फुटल्यावर कळतं. पहिली काच कुठूनही आणता येते, एखाद्या श्रीमंताने हौसेने आणली असं होऊ शकतं. दुसरी आणि तिसरी काच गरिबाच्या खिशाला परवडेल अशी, गावातल्या दुकानात, त्याच मापाची मिळाली, तरच दिवा पेटता राहतो. पैसाफंडाने तो दुसऱ्या काचेचा बंदोबस्त केला.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तिच्या बाजूचा इतिहास सांगितला, जो कुठल्या पुस्तकात नाही.

काचा पुसण्याचं काम पोरींचं. का, तर हात लहान, काचेच्या आत जातो. रोज दुपारी ओट्यावर चार कंदिलांच्या काचा घेऊन बसायचं, चुलीतली राख, जुन्या धोतराचं फडकं, आणि शेवटी कागद. शुभंकरोतीच्या आत काचा लखलखीत पाहिजेत. एखादी हातून सुटली तर बोलणी, आणि कधीकधी हात कापायचा. तळहातावरचा पांढरा व्रण तिने मला दाखवला. मी तो लहानपणापासून पाहत आलोय, पण कशाचा हे कधी विचारलं नव्हतं. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला तरी टच्चकन तडा जायचा. त्यामुळे पावसाळ्यात वाड्याच्या चौकातून कंदील नेताना पोरी त्याच्यावर पदर धरून चालायच्या. काचेला नव्हे, कंदिलाला भ्यायच्या!

मग घरात वीज आली आणि माजघरात हा दिवा लागला. आत्या म्हणाली, "त्या दिवशी मी पहिल्यांदा दुपारभर पुस्तक वाचलं. काचा पुसायच्या नव्हत्या ना!" तिला हा दिवा का हवा होता ते मला तेव्हा उमगलं. मला वाटत होतं वाड्याची आठवण म्हणून. तिच्या लेखी तो सुटकेचा दिवा होता.

आणि मग तिने जाता जाता आमच्या घराण्याच्या इतिहासाचा एक खांबच पाडला. "पण ही हिरवी शेड मूळची नव्हे हं. पहिली पांढरी होती, झालर असलेली. ती तुझ्या काकाच्या चेंडूने फुटली. दुसरीला महिनाभरातच तडा गेला, स्क्रू आवळले होते कुणीतरी. ही तिसरी. बाबांनी भद्रकालीतून आणली, जुन्या बाजारातून, घासाघीस करून."

म्हणजे बेल्जियमची पिढीजात शेड ही तिसरी बदललेली काच होती, तीही सेकंडहँड! मूळचं काय होतं, तर ते सव्वातीन इंचांचं कडं. सगळा वारसा त्यात होता, आणि त्याच्याकडे आम्ही कुणी कधी वर मान करून पाहिलं नव्हतं.

चौथी काच शेवटी त्याच बोहोरपट्टीतल्या म्हाताऱ्या दुकानदारांनी मागवून दिली. फिरोजाबादची, पांढरी दुधी, फुंकून केलेली. हिरवी नाही मिळाली. फिरोजाबाद म्हणजे बांगड्यांचं गाव हे आपल्याला माहीत असतं, पण दिव्यांच्या काचा आणि झुंबरांचे भागही तिथे होतात. ताजमहालाला धुराचा त्रास नको म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ला त्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा सोडायला सांगितलं, तेव्हा तिथल्या भट्ट्या गॅसवर गेल्या. गावाने तेही पचवलं आणि फुंकणं चालू ठेवलं. आपल्याकडे मात्र ओगलेवाडीचा कारखाना बंद पडला, नाव उरलं स्टेशनच्या परिसराला. वीज गावोगाव गेल्यावर कंदील कोण घेणार? त्याचं वाईट वाटून घ्यावं का, हे मला ठरवता येत नाही. आत्याला विचारलं तर ती नक्की म्हणेल, बरं झालं.

नवी शेड बारकाईने पाहिली तर काठ एका बाजूला जरासा जाड आहे, आणि मानेजवळ तांदळाएवढा एक बुडबुडा आहे. आत्याला उजेड आवडला. आतल्या दुधी रंगाने तो सगळीकडे पसरतो, डोळ्यांत घुसत नाही, आणि पुस्तकाच्या पानावर सावली पडत नाही.

ज्यांच्याकडे असे जुने दिवे असतील त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. शेडच्या मानेला बाहेर वळलेला काठ असतो. तिन्ही स्क्रू त्या काठाच्या खाली नुसते टेकवायचे, तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने. शेड किंचित हलली पाहिजे. आवळून घट्ट करायची नाही. दिवा तापला की काच आणि पितळ दोन्ही फुगतात, गार होताना पितळ जास्त आकसतं, आणि आवळलेले स्क्रू तीन ठिकाणी काचेत रुततात. आमच्या दुसऱ्या शेडला असाच तडा गेला असणार. आताच्या एलईडी बल्बने पूर्वीइतकं तापत नाही, पण तरी सैलच ठेवा.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. माळ्यावर, जिन्याखाली, गावच्या घरात जुने कंदील आणि काचा पडल्या असतील, त्या भंगारात देण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. काचेवर किंवा कंदिलाच्या टाकीवर काही अक्षरं उठवलेली असतात. तळेगावचं किंवा ओगलेवाडीचं नाव सापडलं तर मला जरूर कळवा. मी येऊन घेऊन जाईन, आणि येताना राख आणि फडकंही घेऊन येईन.